पणजीचं नाव कुणालाच माहीत नाही: गावच्या जुन्या दप्तरांतून घराण्याचा शोध कसा घ्यावा?

काजळीकाठ

नमस्कार मंडळी,

आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबा मुंबईला गिरणीत लागले तेव्हापासून बिऱ्हाड मुंबईत, आता डोंबिवलीत. गावचं घर अजून आहे, गणपती-शिमग्याला जाणं होतं. यंदा आत्याला बसवून वंशावळ लिहून घेतली. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, कोण कुठल्या वाडीत वेगळा राहिला, सगळं तिने एका दमात सांगितलं. पणजोबांचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात लामावर, म्हणजे लढाईवर, गेला तो परत आलाच नाही, हेही तिच्याकडूनच कळलं.

मग मी विचारलं, पणजीचं नाव काय? आत्या गप्प. चुलत्यांना फोन केले, वाडीतल्या जुन्या माणसांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. सगळे तिला ‘म्हातारी’ म्हणत. पणजोबा साथीत गेले तेव्हा आजोबा पाच-सहा वर्षांचे होते. तिने शेती राखली, पोराला वाढवलं, शाळेत घातलं. आम्ही सगळे आहोत ते तिच्यामुळे, आणि वंशावळीत तिच्या जागी रेघ मारलेली आहे. मला ती रेघ राहू द्यायची नाही.

हाताशी चालू सातबारा आणि आठ अ (खात्याचा उतारा) आहे. गाव खोती होतं, म्हणजे सारा वसूल करणारा खोत, आणि आम्ही त्याची कुळं. खोतांच्या घरचे पुण्याला गेले, त्यांचा संपर्क नाही. आमच्या घरात मोडीची एकही चिठ्ठी उरलेली नाही. सुरुवात कुठून करू?

जुनीशाई

काजळीकाठ, महसुलात माझी नोकरी झाली, बराच काळ अभिलेख कक्षात गेला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे एकदम शिवकाळात उडी मारू नका. बरेच जण कुठल्यातरी सरदाराच्या यादीत आपलं आडनाव शोधतात आणि तिथून खाली यायला बघतात. तसं काही जुळत नाही. आजच्या सातबाऱ्यापासून एकेक पायरी मागे जा आणि कागद सापडल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

सातबाऱ्यावर नावांशेजारी वर्तुळात आकडे असतात ना, ते फेरफार क्रमांक. प्रत्येक आकड्यामागे गाव नमुना ६ मध्ये एक नोंद आहे: कोण वारलं, वारस कोण, वाटप कधी झालं, कूळ कधी लागलं. ती नोंद काढली की तिच्यात आधीच्या फेरफाराचा धागा मिळतो. असं करत करत गावच्या फेरफार क्रमांक १ पर्यंत जाता येतं. आपल्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, पुढे १९१३ मध्ये ती तरतूद जमीन महसूल कायद्यात घातली. त्यामुळे बहुतेक गावांत ही साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकापर्यंत पोचते. बऱ्याच तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार आता स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. तिथे नाही दिसलं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज, त्याला कोर्ट फी स्टँप.

त्याच्या मागे गेलात की मोजणीखात्याचं दप्तर, म्हणजे जमिनीची मोजणी आणि आकारणी यांचे कागद: आकारबंद, शेतवार पत्रक, टिपण, गुणाकार बुक, फाळणी. हे उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे. घाटावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून ही पद्धत बसवली. तुमच्याकडे मात्र खोतीचा प्रश्न होता. खोतीचा स्वतंत्र कायदा १८८० चा. तुमच्या कामाचा कागद म्हणजे बोटखत. खोती गावात कुठली जमीन कुठल्या कुळाच्या कबजात, कुळाचा हक्क काय, खोताला फायदा, म्हणजे त्याचा वाटा, किती द्यायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. रत्नागिरीतल्या सामान्य कुळाचं नाव एकोणिसाव्या शतकात कुठे सापडायचं असेल तर ते बोटखतात.

आडनावावर विसंबू नका. जुन्या नोंदीत फक्त ‘अमुक बिन तमुक’ असतं. त्यापेक्षा सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ म्हणून रकाना असतो तो पाहा. सर्व्हे नंबर बदलतात, हिस्से पडतात, आडनावं बदलतात, पण शेताचं नाव टिकतं. बाप, आजा आणि शेत ही तिन्ही जुळली की माणूस आपलाच.

आता तुमच्या पणजीबद्दल. पणजोबा वारले तेव्हा मुलगा अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला, होता असं म्हणता. अज्ञान वारसाचं नाव एकट्याने लागत नाही. त्याच्या पुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून कुणाचं तरी नाव लिहावंच लागतं. चुलता एकत्र असेल तर चुलत्याचं, नाहीतर आईचं. तुमच्या पणजीने शेती स्वतः राखली असेल तर तिचं नाव त्या फेरफारात असायला हवं. पणजोबांचं मृत्यूचं साल आधी पक्कं करा. त्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंदवही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्यातालुक्यांतली ही बुकं बाहेर निघाली. काही जिल्ह्यांनी ती स्कॅन करून संकेतस्थळावरही टाकली. आधी तिथे बघा.

गिरणगाव

खोतांच्या दप्तराबद्दल सुचतं ते सांगते. कोकणातल्या पुष्कळ ब्राह्मण खोत घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. तुमच्या गावच्या खोतांचा असेल तर त्यात कुठली शाखा कुठे गेली ते कळेल, संपर्काचा मार्ग निघेल. कबुलायती, पावत्या, कुळांच्या याद्या कुणाच्या तरी माळ्यावर असू शकतात. जाऊन नीट बोललात तर लोक दाखवतात. त्यांनाही ती मोडी वाचता येत नसते.

दुसरं म्हणजे तुमच्या गावचं मुंबई मंडळ. काळाचौकी, लालबाग, परळच्या चाळींत गावागावाच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत वीस-पंचवीस गडी, पाळीप्रमाणे झोपायचे. त्या खोलीचं भाडं, खानावळ, गावच्या देवळाची वर्गणी, मयताचा खर्च, सगळं वहीत लिहिलं जाई. आमच्या मंडळाच्या वहीत वाडीवार नावं आहेत, बापाच्या नावासकट, आणि कोण कुठल्या गिरणीत हेही. माझ्या सासऱ्यांचा थोरला भाऊ मुंबईत होता हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, ते त्या वहीत निघालं. या वह्या सरकारी दप्तरात जात नाहीत. मंडळाचा सेक्रेटरी बदलला, खोली विकली, की रद्दीत जातात. कृपा करून ज्यांच्याकडे असतील त्यांनी आजच फोटो काढून ठेवा.

माणदेशी

आमच्या सांगली-सोलापूर भागात हेळवी, म्हणजे वंशावळी सांगणारे, येतात. सुगी झाली की बैल घेऊन दारात. घराण्याचं नाव सांगितलं की चोपडी उघडून सुरुवात करतात: मूळ गाव कोणतं, तिथून का उठले, कुलदैवत, किती भाऊ, कोण कुठे गेला, सोयरीक कुठल्या घराण्याशी. मग नवीन जन्मलेल्यांची नावं घालतात, धान्य-कापड घेतात आणि पुढच्या वाड्याला जातात. आमच्या घरचा हेळवी बेळगावकडचा, त्याची चोपडी कानडीत.

माझा अनुभव असा की अलीकडच्या पाच-सहा पिढ्या कागदाशी ताडून बघितल्या तर तंतोतंत उतरतात. त्याच्या मागे गेलं की सगळीच घराणी थोर होतात. तेवढं लक्षात ठेवून ऐकायचं. पण भावकी कुठे कुठे फुटली हे जे हेळवी सांगतो ते कुठल्याच सरकारी कागदात नाही. येणारे आता कमी झालेत. पुढची पिढी पोटापाण्यासाठी दुसरीकडे वळली, त्यांना दोष कसा द्यायचा?

पांढरीचाकोपरा

धागा वाचतोय, चांगला चाललाय. पण सातबारा, फेरफार, बोटखत हे सगळं ज्यांच्याकडे जमीन किंवा निदान कूळहक्क होता त्यांचं. आमचे लोक गावकुसाबाहेरचे. आजोबांच्या आधीचं आम्हाला काहीही माहीत नाही. आमचा कागद कुठे असणार?

जुनीशाई

पांढरीचाकोपरा, हा प्रश्न आला हे बरं झालं. तुमचा कागद आहे, आणि कधी कधी पाटलाच्या कागदापेक्षा भरगच्च आहे.

महार वतन ही सरकारदरबारी नोंदलेली चाकरी होती. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनाची रजिस्टरं ठेवलेली असत. कुठली जमीन वतनाची, आळीपाळीने चाकरी कुणाची, वारस कोण, ते त्यात मिळतं. चाकरीच्या पाळीवरून वाद झाले की सगळ्या तक्षिमा, म्हणजे घराण्याच्या शाखा, प्रकरणात लिहून काढाव्या लागत. वतनाच्या वादांच्या फायलींत चार-चार पिढ्यांच्या वंशावळी जोडलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली ती १ फेब्रुवारी १९५९ पासून. त्यानंतर जमिनी रीग्रँट करताना, म्हणजे पुन्हा देताना, पुन्हा वारसांच्या चौकश्या झाल्या, तो आणखी एक कागद. तुमच्या गावच्या सातबाऱ्यावर महार वतनाचा सर्व्हे नंबर शोधा आणि त्याच्या फेरफारांवरून मागे जा. आज ती जमीन दुसऱ्याच्या नावे असली तरी मागचे फेरफार तुमच्या लोकांचेच आहेत.

शिवाय कोतवाल बुकात जन्ममृत्यू सगळ्या गावाचे असतात. शाळेचं जनरल रजिस्टरही पाहा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या बापाचं नाव, गाव, दाखल झाल्याची तारीख मिळेल. शाळेतली जन्मतारीख मात्र खरी धरू नका. १ जून दिसली तर ती गुरुजींनी घातलेली.

तहसीलमध्ये कुणी ‘तुमचं इथे काय असणार’ म्हणालं तर परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पांढरीचाकोपरा

आभारी आहे. वतनाचा नंबर आमच्या गावात अजून त्याच नावाने ओळखतात. अर्ज करतो.

गोदाकाठ

काजळीकाठताई, घरातलं कुणी नाशिक-त्र्यंबकला अस्थी घेऊन आलं होतं का, हे आत्यांना विचारा. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, जात-आडनाव-गाव यांप्रमाणे लावलेल्या. रामकुंडावर आलात आणि गाव-आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते कुणीही सांगेल. वहीत आलेल्या माणसाने आपल्या हाताने नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं लिहून सही केलेली असते. लिहिता येत नसेल तर उपाध्ये लिहून घेत. आई आणि बायको यांची नावंही पुष्कळ ठिकाणी मिळतात, कारण श्राद्धाच्या संकल्पाला ती लागतात. सरकारी कागदात जी बाई कुठेच नसते ती इथे असू शकते.

येताना आपली आत्ताची माहिती लिहून आणा आणि वहीत घाला. मुलींची, सुनांची नावंसुद्धा घाला.

बालाघाट

मराठवाड्यातल्यांसाठी थोडं. आमच्याकडे निजामाचं राज्य, त्यामुळे १९४८ आधीचं दप्तर उर्दूत. जमिनीच्या नोंदींसाठी सेतवार, पहाणी पत्रक पाहा, नंतर १९५० च्या दशकातलं खासरा पत्रक. सालं फसलीत, म्हणजे तिथल्या महसुली सालात, असतात, त्यात ५९० मिळवा: फसली १३५५ म्हणजे १९४५-४६. उर्दू वाचणारे जुने लोक तालुक्याच्या ठिकाणी अजून भेटतात, पण लिखाण शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या, वळणाचं असेल तर सराव असलेलाच माणूस लागतो.

जुनीशाई

सालांचा विषय निघाला म्हणून: शकात ७८ मिळवा. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन असतो आणि तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे खमसैन मया व अलफ’ म्हणजे एक, पन्नास, शंभर, हजार: ११५१. त्यात ५९९ मिळवले की १७५०. सुहूर साल मृगाला बदलतं, म्हणून महिना पाहून एखादं वर्ष पुढे-मागे करावं लागतं.

लामण

पणजोबांच्या भावाबद्दल. कोकणात आणि साताऱ्याकडे कित्येक गावांत संगमरवरी पाटी असते, या गावातून इतके पुरुष १९१४-१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले. त्यावर फक्त आकडे असतात. नावासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. मराठा पलटणींतले पुष्कळ जण मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, पडले, त्यांची नोंद बसरा स्मारकाखाली आहे. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. स्पेलिंग इंग्रजांनी कानाला ऐकू आलं तसं केलेलं आहे, म्हणून गावाच्या नावाने शोधा.

काजळीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय हाती लागलं ते सांगते.

लामण, सापडले! बसरा स्मारक. बापाचं नाव बरोबर, गावाचं नाव ओळखूही येणार नाही असं, पण तालुका आणि जिल्हा स्पष्ट. आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याची बायको कितीतरी वर्षं कुंकू लावत होती.

कोतवाल बुक तालुक्याला मिळालं. १९१८ चं. सप्टेंबरपर्यंत एका पानावर दोन-तीन महिन्यांचे मृत्यू मावतात. ऑक्टोबर आला की एकेका दिवसाच्या ओळीच्या ओळी, आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द: ताप. काही पानांवर लिहिणाऱ्याने तोही शब्द परत लिहिलेला नाही, नुसती खालपर्यंत रेघ ओढली आहे. आमच्या घरातले तिघं आहेत. पणजोबा, त्यांच्या चार दिवस आधी त्यांची आई, आणि मागोमाग दीड वर्षाची मुलगी. या मुलीबद्दल घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. आजोबांना बहीण होती. मी तिथेच बाकावर बसून राहिले.

त्या पानांतल्या मोडीतल्या ओळींचे फोटो जुनीशाईंना पाठवले होते, त्यांनी वाचून दिल्या. त्याबद्दल वेगळे आभार.

आता फेरफार. साल मिळाल्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. नोंद १९१९ ची आहे. पणजोबा मयत, वारस मुलगा, वय वर्षे ६, अ.पा.क. आई, आणि पुढे तिचं नाव. अख्खं नाव. खाली लिहिलंय की जमीन तिच्या वहिवाटीस आहे आणि वर्दी तिनेच दिली. नवरा, सासू आणि लेक गेल्यानंतरच्या त्या वर्षात ही बाई तलाठ्याकडे गेली आणि पोराचं नाव जमिनीला लावून आली.

नाव इथे लिहीत नाही, आधी सगळ्या चुलत्यांना भेटून सांगायचंय. वंशावळीत मात्र घातलं. त्या लहान मुलीचीही जागा केली, तिचं नाव कोतवाल बुकात नाही, नुसतं ‘मुलगी’ आहे.

आता पुढचा प्रश्न. तिचं माहेर कसं शोधायचं?

गिरणगाव

वाचताना डोळे भरून आले. चुलते काय म्हणाले ते जरूर लिहा.

माहेरासाठी मामाकडून जा. आजोबांचे मामा, मामेभाऊ मुंबईत कुठल्या गावच्या खोलीत होते, मे महिन्यात कुणाकडे जाणं होतं, आत्याच्या लग्नात मामाचा मान कुणाला दिला, हे विचारा. बाईचं नाव विसरतात, पण मामाचा मान विसरत नाहीत.

जुनीशाई

आजोबांच्या शाळेचं मूळ जनरल रजिस्टर बघा. त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जायची, त्यामुळे थोरल्या मुलाचं जन्मस्थळ हे बहुतेक वेळा आईचं माहेर. वडील हयात नसल्यामुळे पालकाच्या रकान्यातही मामाचं नाव असू शकेल. गाव मिळालं तर त्या गावच्या कोतवाल बुकात त्या वर्षीचे जन्म तपासा.

काजळीकाठ

शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून रजिस्टर काढून दिलं, पानं सुटी झाली आहेत पण अक्षर सुरेख. पालक म्हणून आईचंच नाव आहे, तेच जे फेरफारात आहे. आणि जन्मस्थळ आमचं गाव नाही! आता लांजा तालुक्यात येणारं एक गाव आहे. आत्याला सांगितलं तर म्हणाली, त्या गावच्या देवीची ओटी आमच्या घरातून जायची, का ते ठाऊक नव्हतं.

आता लांज्याला अर्ज करू का?

जुनीशाई

थांबा जरा. १८८० च्या गॅझेटियरात रत्नागिरी जिल्ह्याच्या तालुक्यांत लांजा नाही, तो तालुका नंतरचा. त्यामुळे जुनं दप्तर लांज्याला आलेलं असेलच असं नाही. एक अर्ज लांज्याला द्या, एक राजापूरला, आणि तुमच्याच तालुक्यातही विचारून ठेवा. अर्जात गावाचं नाव, ‘गाव नमुना १४, जन्म’ आणि १९११ ते १९१४ अशी सालं घाला. फेरफारातलं वय अंदाजाचं असतं, म्हणून एक-दोन वर्षं पुढे-मागे धरा. त्या नोंदीत बापाचं नाव तुमच्या पणजोबांचं असेल. ‘राहणार’ म्हणून तुमचं गाव आणि वर्दी देणारा म्हणून तिथला कुणी असला, तर तो तुमच्या पणजीचा बाप किंवा भाऊ असण्याचा संभव मोठा. नक्कल मोडीत आली तर फोटो पाठवा, वाचून देतो.